प्रमाण आणि प्रामाणिकपणा

मराठी भाषेत काही शब्द एकत्र कुटुंबातील कर्त्या पुरुषासारखे असतात. घर एकच, परंतु शेताचे, देवघराचे आणि देण्याघेण्याचे असे सर्व काम त्यांच्याच अंगावर पडलेले असते. ‘प्रमाण’ हा शब्द या जातीचा आहे. नैयायिक यथार्थ ज्ञानाच्या साधनास प्रमाण म्हणतो. वादात प्रतिपक्षी प्रमाण मागतो. वैद्य मात्रेचे प्रमाण सांगतो, स्वयंपाकघरात मीठ प्रमाणाबाहेर पडले म्हणून कुरकुर होते, आणि शाळेत भूगोलाचे शिक्षक नकाशाच्या तळाशी छापलेल्या आकड्यांकडे बोट दाखवून, हे नकाशाचे प्रमाण होय, असे मुलांस सांगतात. याच शब्दास प्रत्यय लागून ‘प्रामाणिक’ हे विशेषण सिद्ध झाले आहे. प्रामाणिक म्हणजे चोरी न करणारा, दिलेला शब्द पाळणारा, असा अर्थ आपण नित्य करतो. परंतु शब्दाच्या मुळाकडे पाहिले तर जो प्रमाणास धरून आहे तो प्रामाणिक. नकाशाचे प्रमाण आणि मनुष्याचा प्रामाणिकपणा यांचे हे नाते व्याकरणापुरतेच आहे, की त्यात आचरणाचाही काही नियम दडलेला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न थोडक्यात असा मांडता येईल. लहान करून काढलेल्या चित्रावरून मोठ्या आणि जिवंत वस्तूविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या अटीवर? ज्याच्या हाती काही कारभार आहे, मग तो जिल्ह्याचा असो, शाळेचा असो वा चार माणसांच्या घराचा असो, त्या प्रत्येकास हा प्रश्न लागू आहे. डोळ्यांआड असलेल्या गोष्टीविषयी काही ठरविताना आपण सर्वच तिचे एक लहानसे चित्र मनात धरीत असतो, आणि त्या चित्रावर बोट ठेवूनच ‘हे असे करावे’ असे म्हणत असतो.

प्रथम नकाशाचा व्यवहार पाहू. बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी हे गाव घ्यावे. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, नागपूरकडून पुढे कलकत्त्यास जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर ते वसले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशाचे प्रमाण पन्नास हजारांस एक असे असते. म्हणजे कागदावरील १ सेंटिमीटर ही जमिनीवरील ५०,००० सेंटिमीटरांची, अर्थात अर्ध्या किलोमीटरची, प्रतिनिधी असते. मेट्रिक मापे येण्यापूर्वी हेच काम इंच आणि मैल करीत. एका इंचास एक मैल या प्रमाणाच्या नकाशात कागदावरचा प्रत्येक इंच भूमीवरील ६३,३६० इंचांचा भार वाहत असे. वडनेरपासून नांदुऱ्यापर्यंतचे अंतर काढावयाचे तर नकाशावर पट्टी ठेवावी, सेंटिमीटर मोजावे आणि त्यांची निमपट करावी. किलोमीटर हाती येतात. रस्ता वळणावळणाचा असेल तर पट्टीऐवजी दोरा घ्यावा, तो रस्त्याच्या रेषेवरून सावकाश फिरवावा, मग सरळ ताणून मोजावा. सहावी-सातवीच्या मुलासही हे साधते. शिक्षकांस अनुभव असा की, मुले मोजण्यात क्वचितच चुकतात. ती चुकतात मोजल्यावर गुणावयाचे विसरल्याने. उत्तरपत्रिकेत ‘अंतर ७ सेंटिमीटर’ असे लिहून मुलगा निश्चिंतपणे पुढील प्रश्नाकडे वळतो. दोन गावांमध्ये वीतभर तरी अंतर असावयास हवे, ही शंका त्यास शिवत नाही.

हा हिशेब म्हणजे आपल्या जुन्या गणितातील त्रैराशिक होय. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास त्याची रीत सांगितली आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त तिचा असा गौरव केला की, ईश्वराने जसे विश्व व्यापिले आहे तसे त्रैराशिकाने गणित व्यापिले आहे. भास्कराचार्य आपल्या वऱ्हाड-खानदेशास परके नव्हेत. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे; भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. या आचार्यांनी त्रैराशिकातील राशींस दिलेली नावे विचार करण्यासारखी आहेत. ज्ञात असलेली पहिली राशी ती ‘प्रमाण’, तिच्याशी निगडित असलेले ते ‘फल’, जिच्याविषयी विचारावयाचे ती ‘इच्छा’, आणि जे उत्तर येते ते ‘इच्छाफल’. नकाशाच्या उदाहरणात १ सेंटिमीटर हे प्रमाण, अर्धा किलोमीटर हे फल, पट्टीने मोजलेले सेंटिमीटर ही इच्छा, आणि दोन गावांतील खरे अंतर हे इच्छाफल. या नावांबरोबर आचार्यांनी एक अटही घातली आहे: प्रमाण आणि इच्छा या दोन राशी एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. जाती भिन्न असतील तर गुणाकार-भागाकार निर्दोष करूनही उत्तर खोटे येते. गणितातील ही अट मनुष्याच्या व्यवहारात किती दूरवर पोहोचते, ते पुढे दिसेल.

तत्पूर्वी एका गोष्टीची आठवण ठेवणे अवश्य आहे. नकाशाच्या कोपऱ्यातील तो लहानसा आकडा आकाशातून पडलेला नाही. कोणी तरी जमिनीवर साखळी टाकली, म्हणून तो तेथे आला. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासनजीक सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी पुन्हा पुन्हा टाकून तेवढी एक रेषा मोजण्यास त्यास ५७ दिवस लागले. त्या रेषेवर एक त्रिकोण, त्याच्या भुजेवर दुसरा, असे त्रिकोण रचीत त्याचे मापन दक्षिणेतून उत्तरेस सरकत गेले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ या कामात घालवून २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादेहून नागपूरकडे जात असता, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. त्या मोजणीत साखळी ओढणारे, टेकडीवर निशाण धरून उन्हात उभे राहणारे आणि जंगलातील तापाने मेलेले किती तरी लोक इतिहासास नावाने ठाऊक नाहीत. नकाशाचे प्रमाण म्हणजे या मोजणाऱ्या लोकांनी नकाशा वापरणाऱ्यास दिलेले एक वचन आहे. ते असे की, ‘आम्ही भूमी लहान केली आहे खरी, परंतु किती लहान केली ते तुमच्यापासून लपविलेले नाही, तुम्हांस हवे तेव्हा ती पुन्हा मोठी करून घ्या.’ या वचनामुळेच नकाशा खोटा ठरत नाही. पन्नास हजारपट लहान केलेली वस्तू खरी म्हणून पुढे करणे एरवी लबाडीच ठरली असती.

आता नकाशा काय सांगत नाही ते पाहू. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. जुन्या कागदपत्रांतून यांसच बालाघाट आणि पायनघाट म्हटलेले आढळते. वडनेर, नांदुरा, मलकापूर ही घाटाखालची, पूर्णेच्या खोऱ्यातील. जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरावर, घाटावरचे. नकाशावर पट्टी ठेवून वडनेर ते बुलढाणा अंतर मोजले तर जे उत्तर येईल ते पाखराच्या उपयोगाचे. मनुष्यास रस्त्याने जावे लागते, राजूर घाट चढावा लागतो. दोऱ्याने मोजले तर वळणे हिशेबात येतात; पण चढ तरीही येत नाही, कारण नकाशा सारी भूमी सपाट करूनच कागदावर घेतो. आणि सातबाऱ्यावरील एका नोंदीसाठी वा दाखल्यासाठी ठाण्यास जाणाऱ्या शेतमजुरास तर तेही माप अपुरे आहे. त्याचे अंतर म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी, जाण्या-येण्याचे भाडे, आणि साहेब दौऱ्यावर गेलेले असल्यास हीच बेरीज दुसऱ्यांदा. बुलढाण्यात खुर्चीवर बसून ‘उद्या या’ असे म्हणणाऱ्यास ते दोन शब्दांचे काम वाटते. घाटाखाली जाता जाता त्या दोन शब्दांची किंमत किती पटीने वाढते, याचे गणित त्याने केलेले नसते. तो दुष्ट असतो असे मुळीच नाही. शाळेतील त्या मुलाप्रमाणे तो मोजतो, परंतु गुणावयाचे विसरतो.

याहून गंभीर उदाहरण पाण्याचे आहे. १९७२-७३ पासून केंद्र सरकारने ग्रामीण पाणीपुरवठ्याची वेगवर्धित योजना चालविली. त्या योजनेत एखाद्या वस्तीस पाण्याची सोय आहे की नाही हे ठरविण्याचा निकष दीर्घकाळ असा होता की, सपाट प्रदेशात १.६ किलोमीटरच्या आत आणि डोंगराळ प्रदेशात १०० मीटर चढउताराच्या आत पाण्याचे स्थान नसेल तर ती वस्ती वंचित समजावी. आणि दरडोई दररोज ४० लिटर पाणी मिळावे. १.६ किलोमीटर म्हणजे जुना एक मैल. पन्नास हजारांस एक या नकाशावर हे अंतर ३.२ सेंटिमीटर भरते. अंगठ्याच्या एका पेराहून जेमतेम थोडे अधिक. इतक्या अंतरावर विहीर असली की सोय झाली, हे नकाशापुढे बसलेल्या मनुष्यास अवाजवी वाटू नये, हे स्वाभाविक आहे.

परंतु त्रैराशिक पुरते करून पाहू. पाच माणसांच्या घरास दरडोई ४० प्रमाणे दिवसाला २०० लिटर पाणी हवे. वऱ्हाडात पाण्याच्या हंड्यास गुंड म्हणतात. पंधरा लिटरांचा एक गुंड डोक्यावर आणि तेवढाच दुसरा कमरेवर धरला तरी एका खेपेस ३० लिटर पाणी येते. अर्थात खेपा सात होतात. विहीर १.६ किलोमीटरवर असेल तर एक खेप जाऊन-येऊन ३.२ किलोमीटरांची, आणि सात खेपांचे २२ किलोमीटरांहून अधिक. त्यांतील निम्मी वाट ३० किलोंचे ओझे घेऊन. कागदावरील ३.२ सेंटिमीटरांचे खरे मोल हे आहे. अशी पायपीट कोणतीही स्त्री रोज करू शकत नाही. म्हणून प्रत्यक्षात ती दोन-तीन खेपा करते, आणि घरातील माणसे ४० लिटरांऐवजी पंधरा-सतरा लिटरांवर दिवस काढतात. ४० लिटरांचा आकडा आणि १.६ किलोमीटरांचा आकडा, हे दोन्ही कागदावर शेजारी शेजारी सुखाने नांदत होते. भूमीवर मात्र एक खरा ठरला की दुसरा खोटा पडत असे. भास्कराचार्यांची अट येथे लागू पडते. मैलाचे माप रिकाम्या हाताने एकदाच चालणाऱ्याचे होते, आणि ते लावले गेले भरल्या डोक्याने सात वेळा चालणारीस. प्रमाण एका जातीचे आणि इच्छा दुसऱ्या जातीची, असा हा प्रकार.

पूर्णाकाठच्या मुलखात यात आणखी एक भर आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्याचा बराच भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो; तेथे भूगर्भातील पाणी खारे आहे. नकाशात विहिरीसाठी एक लहानसे वर्तुळ काढलेले असते. त्या वर्तुळातील पाणी गोड की खारे, हे कोणतेही प्रमाण सांगत नाही. घराच्या अंगणात विहीर असावी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मात्र परगावी जावे लागावे, अशी स्थिती या पट्ट्यातील अनेक पिढ्यांनी भोगली आहे. पाण्याच्या धोरणात पुढे सुधारणा झाली हे नमूद केले पाहिजे. २०१९ साली घोषित झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि दरडोई ५५ लिटर हे ध्येय ठेवले. म्हणजे अंतराचा निकष अंगणापर्यंत आला. परंतु जवळजवळ दोन पिढ्यांच्या स्त्रियांनी तो ३.२ सेंटिमीटरांचा प्रवास डोक्यावरून वाहिला, आणि अहवालात त्यांची वस्ती ‘सोय असलेली’ म्हणून मोजली गेली, हे विसरता येत नाही.

अंतराचे हे असे. क्षेत्रफळाचे त्याहून अवघड. अंतर प्रमाणाच्या पटीने वाढते, तर क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या पटीने. नकाशावरील एक चौरस सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील २५ हेक्टर, अर्थात सुमारे ६२ एकर. पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ घ्या. भूमीवर ती २५ मीटर रुंद होते, आणि अशी एक किलोमीटर लांबीची रेघ सहा एकरांहून थोडी अधिक जमीन झाकून टाकते. वऱ्हाडात पाच-सहा एकरांवर सबंध कुटुंबे पोसली जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरील भागातून, मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून, मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा पट्टा सुमारे १२० मीटर रुंदीचा. नकाशावर तो अडीच मिलिमीटरही भरत नाही, आणि भूमीवर मात्र दर किलोमीटरास तीस एकरांच्या आसपास जमीन व्यापतो. रस्ता व्हावा की होऊ नये हा येथे प्रश्न नाही. रस्त्यांवाचून मुलखाचा उत्कर्ष नाही हे कोणीही मान्य करील. प्रश्न एवढाच की, रेघ ओढणाऱ्याच्या मनात तिची जाडी भूमीच्या मापाने होती काय. सिरिल रॅडक्लिफ हे ८ जुलै १९४७ रोजी प्रथमच हिंदुस्थानात आले आणि पंजाब व बंगाल यांच्या फाळणीची रेषा १७ ऑगस्ट १९४७ रोजी प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांहून कमी काळात ओढलेल्या त्या रेषेच्या जाडीत किती अंगणे आणि किती विहिरी गेल्या, हे त्या दोन प्रांतांतील लोक अद्याप विसरलेले नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारार्ह आहे. कोणी म्हणेल, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढे शेकडो गावे असतात. त्याने प्रत्येक गुंड आणि प्रत्येक खेप मोजीत बसावे काय? सर्व गोष्टी त्यांच्या मूळ आकारात पाहावयाच्या म्हटल्या तर कारभारच अशक्य होईल. लुइस कॅरल या इंग्रज लेखकाने १८९३ साली अशा एका देशाची गमतीदार कल्पना केली आहे की, जेथे एका मैलास एक मैल या प्रमाणाचा नकाशा तयार झाला. परंतु तो उलगडला तर शेतांवरचे ऊन अडेल अशी शेतकऱ्यांनी हरकत घेतल्यामुळे तो तसाच घडी करून ठेवावा लागला. थट्टेतील मर्म खरे आहे. लहान केल्यावाचून पाहता येत नाही, आणि पाहिल्यावाचून ठरविता येत नाही. जो प्रत्येक दुःखास त्याच्या पूर्ण आकारात मनात घेईल त्याचे मन पहिल्या गावातच अडून राहील, आणि उरलेल्या गावांवर त्याच्या करुणेमुळेच अन्याय होईल. म्हणून लहान करून पाहणे हे पाप नव्हे. किंबहुना ते कर्तव्य आहे. दोष घडतो तो प्रमाणाचा आकडा कापून टाकून उरलेला नकाशा जवळ बाळगण्यात. अधिकाऱ्याने प्रत्येक खेप मोजावी असे कोणी म्हणत नाही. परंतु नियम करण्यापूर्वी एका घराची एक दिवसाची वाट त्याने एकदा तरी पुरती गुणून पाहावी, इतके मागणे अवाजवी नाही. वरील हिशेबास पाच मिनिटे पुरतात, आणि त्यास लागणारे गणित प्राथमिक शाळेतले आहे.

आपल्या म्हणींनी या दोषाची दोन्ही अंगे फार पूर्वी ओळखली आहेत. ‘दुरून डोंगर साजरे’ ही एक, आणि ‘राईचा पर्वत करणे’ ही दुसरी. पहिलीत मोठी वस्तू दूर आहे म्हणून लहान आणि गुळगुळीत दिसते. तिच्यावरील दगडधोंडे, काटेकुटे नाहीसे होतात. दुसरीत लहान वस्तू डोळ्याशी धरल्यामुळे सारे आकाश व्यापते. विचित्र योग असा की, हे दोन्ही दोष बहुधा एकाच मनुष्याच्या ठिकाणी नांदतात. दुसऱ्याच्या डोंगराकडे तो दुरून पाहतो आणि स्वतःची राई डोळ्याशी धरतो. सुशिक्षित घरांतही याचा प्रत्यय रोज येतो. धुण्याभांड्याची बाई पंधरा मिनिटे उशिरा आली की ती पंधरा मिनिटे आपणांस फार मोठी वाटतात. त्यांपूर्वी तिने स्वतःच्या घरची चूल, मुलांची शाळा आणि अर्ध्या तासाची पायवाट उरकलेली असते, हे आपल्या नकाशात नसते. तिचा पगार चार दिवस पुढे ढकलणे आपल्या वहीत क्षुल्लक ठरते. तिच्या घरी त्या चार दिवसांची लांबी वाण्याच्या उधारीने मोजली जाते. स्वतःसाठी एक प्रमाण आणि दुसऱ्यासाठी दुसरे वापरणारा मनुष्य पैशाच्या व्यवहारात कितीही चोख असला, तरी शब्दाच्या मूळ अर्थाने त्यास प्रामाणिक म्हणता येईल काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मग उपाय कोणता? याचेही उत्तर शालेय भूगोलात सापडण्यासारखे आहे. नकाशाचे प्रमाण तीन प्रकारांनी दाखवितात. ‘१ सेंटिमीटरास अर्धा किलोमीटर’ असे शब्दांत लिहिले तर ते शब्दप्रमाण. ‘१ : ५०,०००’ असे लिहिले तर ते अंकप्रमाण. आणि एक रेषा काढून तिच्यावर किलोमीटरांच्या खुणा केल्या तर ते रेषाप्रमाण. तिघांचा अर्थ एकच, परंतु त्यांच्या स्वभावात एक मोठा भेद आहे. त्या नकाशाची छायाप्रत काढून ती लहान वा मोठी केली की शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण तत्काळ खोटे पडते. कागद आक्रसला तरी ती अक्षरे जुनेच सांगत राहतात. रेषाप्रमाण मात्र खरे राहते; कारण ते नकाशाच्या अंगावरच काढलेले असते, नकाशा आक्रसला की तेही आक्रसते, वाढला की तेही वाढते. नियम, निकष आणि सरासऱ्या ही कारभारातील शब्दप्रमाणे आणि अंकप्रमाणे होत. ती आवश्यक आहेत. परंतु कागद एका कचेरीतून दुसरीत जाता जाता लहान होत जातो, आणि ती तशीच्या तशी राहून खोटी पडतात. यासाठी निर्णयाच्या जागी रेषाप्रमाणासारखे कोणी तरी असावे लागते, म्हणजे ज्यावर निर्णयाचा परिणाम व्हावयाचा त्यांच्यापैकीच कोणी, ज्याचे सुखदुःख त्या निर्णयाबरोबर वाढते वा घटते.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींतील जागांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली हा वाटा निम्म्यापर्यंत नेला. ही तरतूद स्त्रियांवरील उपकार म्हणून वाखाणली जाते, किंवा नवरेच कारभार पाहतात म्हणून हिणविली जाते. दोन्ही दृष्टींत तिचे मुख्य प्रयोजन हरवते. विहीर कोठे खणावी, नळाची वाहिनी कोणत्या वस्तीस आधी न्यावी, हे ठरत असता ज्या स्त्रीने पाण्याच्या सात खेपा स्वतःच्या पायांनी मोजल्या आहेत, ती बैठकीत असणे म्हणजे नकाशावर रेषाप्रमाण असणे होय. तिला पन्नास हजारांचा गुणाकार करावा लागत नाही. तो तिच्या देहात होऊन बसलेला असतो. ती ज्या सभेत गप्प बसविली जाते, त्या सभेपुढील नकाशास प्रमाण उरत नाही, मग त्यावर शिक्के कितीही असोत.

तथापि प्रत्येक निर्णयाच्या वेळी ज्याचा तो हजर राहील अशी व्यवस्था नेहमीच साधणार नाही. दूरचा, अजून न जन्मलेला, मुका, किंवा केवळ आपल्या ओळखीचा नसलेला, अशा कित्येकांविषयी आपणांस त्यांच्या पाठीमागेच ठरवावे लागते. तेथे त्यांचे प्रमाण आपणच जवळ बाळगले पाहिजे. आचार्यांनी आपल्या गणितात शेवटच्या राशीस इच्छाफल हे नाव दिले. कारभार करणाऱ्याच्या इच्छेचे फल बहुधा दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडते, आणि ते केवढे होऊन पडले हे पाहण्यास तो तेथे नसतो. म्हणून रेघ ओढण्यापूर्वी, तारीख पुढे ढकलण्यापूर्वी, ‘जवळच तर आहे’ असे म्हणण्यापूर्वी, त्याने दोन गोष्टी स्वतःस विचाराव्या: हे अंतर मी कोणाच्या पायांनी मोजले, आणि मोजल्यावर ते गुणले की नाही. या दोहोंची उत्तरे ज्यास देता येतील, त्याच्या हाती नकाशा निर्धास्तपणे द्यावा.